पंचमीला नाग भाऊ, आणि बहीण परकी?

शिराळ्याच्या शेतकरी बंधूंनो, सुतार-लोहार-कुंभार भावांनो, आणि घरोघरच्या आयाबायांनो! आज आम्हीं थोडें कडू बोलणार आहोंत.

बत्तीस शिराळ्याची नागपंचमी मुलखांत गाजलेली. येथें बाया नागाला भाऊ म्हणतात व आदल्या दिवशीं भावाचा उपवास धरतात. २०१४ सालीं मुंबईच्या हायकोर्टानें जिवंत नाग धरण्यास मनाई केली, तेव्हां गांवानें केवढी हळहळ केली! सापासाठीं आमचें काळीज तुटतें; पण जी बहीण सांगलीच्या गोकुळनगरांत किंवा मुंबईच्या कामाठीपुऱ्यांत जाऊन पडली, तिला पंचमीला मुराळी कोण धाडतो?

कोणी म्हणेल, ती आपल्या पायांनीं गेली. वा रे न्याय! जत-सौंदत्तीच्या यल्लम्माला पोर सोडतांना तिचे पाय कोणीं विचारले होते? पोरीच्या गळ्यांत मोतीं-पोंवळ्यांचें दर्शन बांधणारे हात आईबापांचे, दक्षिणा घेणारे हात पुजाऱ्याचे, आणि मग भोगायचें मात्र तिनें. शाहू छत्रपतींनीं १९२० सालीं करवीर राज्यांत जोगत्या-मुरळीच्या चालीविरुद्ध कायदा केला. मुंबई सरकारचा कायदा १९३४ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. कायदे तीन झाले. पण कायदा पोर सोडूं देत नाहीं इतकेंच, सोडलेलीला घरांत घ्या असें तो म्हणत नाहीं. तें काम आपलें होतें.

आमच्या चळवळीला हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनीं १९०८ सालीं ‘सोमवंशीय मित्र’ काढला व मुरळ्यांच्या प्रश्नावर रान उठविलें. शिवूबाई नांवाच्या मुरळीनें त्यांत पत्र लिहिलें, तेव्हां कांबळ्यांचे सहकारी गणपतराव गायकवाड यांनीं १९०९ सालीं तिच्याशीं लग्न केलें. १६ जून १९३६ रोजीं परळच्या दामोदर हॉलांत बाबासाहेब आंबेडकरांनीं जोगतिणी-मुरळ्यांना हा धंदा सोडा म्हणून बजावलें. शब्द कडक होते. पण गायकवाडांनीं उपदेशाबरोबर घरही दिलें, हें आम्हांला जास्त मोलाचें वाटतें. लग्न हाच एक उपाय असें मात्र आम्हीं म्हणत नाहीं. जिला नवरा नको असेल तिला शिवणयंत्र, दोन म्हशी किंवा मजुरीचें काम पुरे.

आतां सरकारची तऱ्हा पहा. १९५६ च्या कायद्यानें धाडींतून काढलेल्या बाईला एक ते तीन वर्षें संरक्षणगृहांत ठेवतां येतें. सोडविली म्हणायचें आणि कोंडायचें! मे २००५ मध्यें गोकुळनगरांत अशी धाड पडली. अल्पवयीन पोरीला सोडवावेंच, त्यांत दुमत नाहीं. पण सज्ञान बाईला फरफटत नेणें हा उद्धार नव्हे. २०२० सालीं मुंबई हायकोर्टानें अशा तीन सज्ञान बायांना सोडण्याचा हुकूम दिला. १९ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टानें पोलिसांना ताकीद दिली कीं ह्या बायांना सन्मानानें वागवा, आणि पत्त्याचा पुरावा नसला तरी आधारकार्ड द्या. पत्ता कां नसतो, हें शिराळकरांनीं स्वतःला विचारावें. माहेरच्या रेशनकार्डावरून तिचें नांव कोणीं खोडलें?

आणि वाटणीचें काय? २००५ पासून वडिलोपार्जित जमिनींत मुलीचा वाटा मुलाबरोबरीचा आहे. पण तिची मनिऑर्डर चालते, त्या पैशांत विहिरीवर इंजिन बसतें, धाकटीच्या लग्नाचा मांडव पडतो. आणि ती परत येतों म्हणाली कीं तलाठ्याच्या दारांत नेऊन हक्कसोडावर अंगठा! मग तिनें सुटून जायचें कोठें? घरवालीचें कर्ज एका बाजूला, भावाचें बंद दार दुसऱ्या बाजूला.

तुम्ही म्हणाल, तिला घेतली तर पोरांच्या सोयरिकी मोडतील. तिच्या पैशानें जुळल्या तेव्हां कां नाहीं मोडल्या? आणि ज्या भावकीला भीति वाटते, त्या भावकींतलेच कित्येक बाजाराच्या दिवशीं सांगलीला जाऊन कोणत्या गल्लींत शिरतात, हें आम्हीं येथें छापत नाहीं, इतकेंच.

आमचें मागणें मोठें नाहीं. ज्या घरची अशी बहीण बाहेर आहे आणि जिला परत यायचें आहे, त्यांनीं तिचें व तिच्या लेकरांचें नांव रेशनकार्डावर घालावें. लेकराच्या बापाचें नांव शाळेंत कोणीं विचारलें तर आईचें सांगावें. हक्कसोडाचा कागद अजून नोंदला नसेल तर तो फाडावा. आणि पंचमीच्या चार दिवस आधीं तिला फोन करावा. एसटीचें भाडें भावानें द्यावें, तिनें नव्हे.