पोपटी भिंतींची बाजू

'अभिरुची' हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो. घराला फिकट बदामी रंग दिला की 'अभिरुची आहे', पोपटी दिला की 'नाही', असा झटपट निकाल लागतो. पण हा निकाल देणारे न्यायाधीश कोण आणि त्यांचा कायदा कोणता, हे कोणी विचारीत नाही.

पोपटी म्हणजे पिवळ्या आणि हिरव्याच्या मधला रंग. कोवळ्या पालवीचा, भाताच्या रोपांचा. शास्त्र सांगते की, दिवसाच्या उजेडात मानवी डोळ्याला सर्वांत तेजस्वी भासणारा प्रकाश सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे पिवळसर हिरवाच असतो. तेव्हा हा रंग चटकन डोळ्यांत भरतो यात भिंतीचा काय दोष? डोळ्याची घडणच तशी आहे! आपल्या संस्कृतीला तरी त्याचे वावडे कुठे आहे? हळद पिवळी, चुडा हिरवा. पोपटी शालूतली नवरी सर्वांना शोभून दिसते; मग तोच रंग भिंतीवर चढला की गावंढळ कसा ठरतो?

पाश्चात्त्यांचा दाखला देणाऱ्यांनी थोडा इतिहासही पाहावा. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७७५ च्या सुमारास तांबे आणि आर्सेनिक यांपासून पिवळसर हिरवा रंग तयार केला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या दिवाणखान्यांत, भिंतींवर चिकटवायच्या कागदांवर, हा विषारी रंग मानाने मिरवला. पुढे १९२५ मध्ये ल कॉर्ब्युझिए यांनी पांढऱ्याशुभ्र भिंतींचा पुरस्कार केला. म्हणजे अभिरुचीही काळाप्रमाणे कूस बदलते.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. भिंती मातीच्या होत्या तोवर रंग निवडण्याचा प्रश्नच नव्हता. सणाला चुना लागला तरी पुष्कळ. सिमेंटचा गिलावा झाला तेव्हा आईने आयुष्यात पहिल्यांदा भिंतीसाठी रंग निवडला, तो पोपटी. त्याला मी भडकपणा म्हणणार नाही. ते तिचे मत होते, आणि ते मांडण्याची संधी तिला चाळिशीत मिळाली.

याचा अर्थ पोपटी रंग कसाही फासावा असा नव्हे. शेडकार्डावरच्या बोटभर तुकड्यापेक्षा तो भिंतीवर जास्त उठतो. समोरासमोरच्या भिंतींची झाक एकमेकींवर पडून आणखी चढतो. एकच भिंत पोपटी आणि बाकीच्या पांढऱ्या ठेवल्या, तर दोन्ही हेतू साधतात.

परंतु खरा प्रश्न निराळाच आहे. चकचकीत पिवळ्या-हिरव्या तैलरंगांत पूर्वी शिशाचे क्रोमेट वापरले जाई. अशा रंगाचे पापुद्रे किंवा धूळ पोटात गेल्यास लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय होतो. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. पण जुन्या दारा-खिडक्यांवरचा रंग तसाच आहे, आणि दिवाळीच्या आधी आपण तो खुशाल कोरडा खरवडतो!

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, एखाद्याच्या घरचा रंग भडक आहे का, हे विचारण्यापेक्षा त्यात शिसे आहे का, हे विचारू या. पहिल्या प्रश्नाने माणूस केवळ ओशाळतो. दुसऱ्याने त्याच्या घरातले मूल सुरक्षित राहते.