विरंगुळ्याचा हक्क

राजकारणाची हवा बिघडली की प्रथम कार्यकर्त्याच्या घरातली झोप उडते. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, आणि २०२४ साली लोकसभा व विधानसभा अशा दोन निवडणुका एकाच वर्षात पार पडल्या. काल ज्यांच्याविरुद्ध भिंती रंगवल्या ते आज कोणाच्या मांडीला मांडी लावून बसले आहेत, हे सकाळचे वर्तमानपत्र उघडल्याखेरीज कळेनासे झाले. त्यातच शक्तिपीठ महामार्गाचा प्रश्न उभा राहिला आणि २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकरी जमिनी वाचविण्यासाठी रस्त्यावर उतरले. सभा, मोर्चे, निवेदने आणि मध्यरात्रीपर्यंत लांबणाऱ्या चर्चा यांतून जो थोडा वेळ उरतो, तो मोबाइलच्या पडद्याकडे पाहून चिडण्यात जातो.

अशा वेळी कार्यकर्त्याच्या मनात एक प्रश्न वारंवार येतो आणि तो उघडपणे विचारण्याचा त्याला संकोच वाटतो. बाहेर एवढे सारे घडत असताना, पडवीत बसून पावसाकडे बघत अर्धा तास स्वस्थपणे चहा पिण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? संध्याकाळी भजनाला जाऊन बसणे, नातवाला गोष्ट सांगणे, नाचण्याची गरम भाकरी चवीने खाणे, ही कर्तव्यातून काढलेली पळवाट तर नव्हे?

या प्रश्नाची दोन ठरीव उत्तरे आपल्याकडे आहेत. कडवा कार्यकर्ता म्हणतो, लढाई चालू असताना सुख हे पाप आहे. क्रांती झाल्यावर पाहू. दमलेला कार्यकर्ता म्हणतो, राजकारणाचे काही खरे नाही. आपले घर बरे आणि आपण बरे. पहिला काही वर्षांत खंगून जातो आणि पुष्कळदा दुसऱ्याच्याच पंक्तीला जाऊन बसतो. वरवर विरोधी दिसणाऱ्या या दोन्ही उत्तरांच्या मुळाशी एकच समजूत आहे. साधे सुख आणि सार्वजनिक कर्तव्य ही एकमेकांची वैरी आहेत, ही ती समजूत. ती तपासून पाहणे आवश्यक आहे.

चंदगडच्या माणसाला हे वैर धरणे कधी परवडलेच नसते. १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्याने बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात घातला, तो ‘चंदगड तालुका वगळून’. या तीन शब्दांमुळे १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा तालुका मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. परंतु ज्या बेळगावशी त्याची बाजारहाट, दवाखाना, शाळा-कॉलेज आणि सोयरीक होती, ते शहर रेषेच्या पलीकडे गेले. पुढे संयुक्त महाराष्ट्राचा लढा झाला, महाजन आयोग झाला, २००४ साली महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. इतक्या वर्षांत राजकारणाने या तालुक्याला स्वस्थता दिली असे कोणी म्हणणार नाही. तथापि आषाढाच्या पावसात रोपलावण करायची ती कोणी पुढल्या वर्षावर ढकलली नाही. पैऱ्याने एकमेकांच्या शेतात लावण झाली, चिखलात उभ्या असलेल्या बायकांनी गाणी म्हटली, बांधावर बसून साऱ्यांनी मिळून भाकरी खाल्ली. प्रश्न सुटल्यावर जगू, असे ठरविणाऱ्याला या मुलखात जगण्याची पाळीच आली नसती.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. माणसे सोसतात, गातात, हसतात, म्हणून त्यांचे बरे चालले आहे असा निष्कर्ष काढणे ही सुखवस्तू माणसाची जुनी लबाडी आहे. हलकर्णीचा दौलत सहकारी साखर कारखाना काही हंगाम बंद पडला होता. त्या काळात तेथील कामगाराला कोणी ‘साध्या गोष्टींत आनंद शोधा’ असा उपदेश केला असता, तर तो त्याच्या जखमेवर मीठ चोळणेच ठरले असते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ताम्रपर्णीचे पाणी कोवाडच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा दुकानातला चिखल उपसणाऱ्याला पावसाचे सौंदर्य सांगण्यातही काही अर्थ नव्हता. साध्या सुखाचा विचार करायचा तो ज्याच्या वाट्याला ते येत नाही त्याला समोर ठेवूनच केला पाहिजे.

मग या सुखाचे सार्वजनिक जीवनात स्थान कोणते? याचे उत्तर तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांपेक्षा काही माणसांच्या चरित्रांत अधिक स्पष्ट सापडते. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिले ते फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात. कायदेभंगाच्या चळवळीतील एक कैदी कोकणातल्या गरीब घरातील ओटा, अंगण, झाडे, सणवार आणि आईचा हात यांची आठवण काढत होता. कडव्या कार्यकर्त्याच्या मापाने हा वेळेचा अपव्यय ठरावा. परंतु याच माणसाने मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दरवाजे अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावेत म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले. आईच्या मायेचे मोल ज्याला इतके कळले होते, त्याला ‘विठुमाउली’च्या दारातून परत पाठविलेल्या लेकरांचे दुःख सहन होणे शक्य नव्हते. या दोन गोष्टी एकाच मनाच्या आहेत.

दुर्गाबाई भागवतांचे उदाहरणही असेच. १९५६ साली त्यांचे ‘ऋतुचक्र’ प्रसिद्ध झाले. बारा महिन्यांत झाडे, फुले, पक्षी आणि आकाश कसे पालटते याकडे डोळे भरून पाहणारे ते लेखन. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीच्या विरोधात निर्भयपणे बोलल्या त्या याच दुर्गाबाई, आणि १९७६ मध्ये त्यांना अटकही झाली. पिंपळाची पालवी निरखीत बसणारी व्यक्ती राजकारणाला निरुपयोगी असते, हा समज त्यांनी एका भाषणाने खोटा पाडला.

त्याच आणीबाणीत मधु दंडवते बंगलोरच्या तुरुंगात होते आणि प्रमिलाताई येरवड्याच्या. जून १९७५ मध्ये दंडवते बंगलोरला गेले होते ते संसदेच्या समितीच्या बैठकीसाठी, आणि त्या समितीपुढचे विधेयक होते पक्षांतरबंदीचे! तेथेच त्यांना अटक झाली. पक्षांतरबंदीचा कायदा पुढे १९८५ साली झाला. त्याचे आपल्या राज्यात काय झाले ते २०२२ आणि २०२३ या वर्षांनी दाखवलेच आहे. परंतु येथे सांगावयाचे आहे ते निराळे. दोन तुरुंगांतून या पतिपत्नींचा पत्रव्यवहार चालू राहिला. देशाची चिंता त्यात होतीच. पण संगीत, वाचन, घर आणि मुलगा यांनाही त्यात जागा होती. हुकूमशाहीला माणसाचे सारे मन व्यापून टाकायचे असते. भीतीने व्यापता आले नाही तर निदान संतापाने. मनाचा एखादा कोपरा तिच्या हाती लागू न देणे, हाही प्रतिकारच होय.

याहूनही मार्मिक साक्ष रोझा लक्झेम्बर्ग यांची आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या जर्मनीत तुरुंगात होत्या. तेथून त्यांनी मैत्रिणींना लिहिलेल्या पत्रांत पक्षी, ढग, किडे आणि वनस्पती यांचा उल्लेख इतका येतो की क्रांतिकारक स्त्रीची पत्रे वाचतो आहोत याचा क्षणभर विसर पडावा. डिसेंबर १९१७ मधील एका पत्रात त्यांनी तुरुंगाच्या आवारात पाहिलेला प्रसंग सांगितला आहे. रोमानियातून लुटीत आणलेले रेडे अवजड गाडा ओढीत होते, सैनिक त्यांना चामडी फुटेपर्यंत बडवीत होता, आणि रक्ताळलेल्या त्या जनावराच्या मुद्रेकडे पाहून रोझाच्या डोळ्यांत पाणी आले. चिमण्या पाखराच्या शिळेने ज्या मनाला आनंद होई, त्याच मनाला त्या मुक्या जनावराची वेदना दिसली. सुख जाणवण्याची आणि दुःख जाणवण्याची इंद्रिये माणसाला वेगवेगळी मिळालेली नाहीत. एक बोथट केले की दुसरेही बोथट होते. वर्षानुवर्षे स्वतःला कोणताही विरंगुळा न देणारा कार्यकर्ता पुढे लोकांच्या दुःखाकडेही आकडे आणि मुद्दे म्हणूनच पाहू लागतो, याचे कारण हेच असावे.

आता अर्थशास्त्राच्या बाजूने पाहू. स्वस्थ बसण्याचा अर्धा तास हा वाऱ्यावरून येत नाही; तो कोणाच्या तरी श्रमाच्या तासांतून मोकळा करावा लागतो. मुंबईच्या गिरणीकामगाराला आठवड्यातला एकही दिवस हक्काचा नव्हता, त्या काळी सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभी केली आणि रविवारच्या सुटीची मागणी लावून धरली. १० जून १८९० पासून ती सुटी मिळाली. आज आपण ज्या रविवारी निवांत उठतो, तो पंचांगाने दिलेला नाही. तो कामगारांनी मिळविला आहे. म्हणूनच विरंगुळा ही चळवळीबाहेरची चैन आहे असे म्हणणारा आपल्या चळवळीचा इतिहासच विसरतो.

जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३० साली असे भाकीत केले होते की शंभर वर्षांत उत्पादनशक्ती इतकी वाढेल की आठवड्याला पंधरा तासांचे काम पुरेसे व्हावे, आणि मोकळ्या वेळाचे काय करायचे हा माणसापुढचा खरा प्रश्न ठरावा. ती शंभर वर्षे आता संपत आली. उत्पादन अनेक पटींनी वाढले. मोकळा वेळ मात्र त्या प्रमाणात कामगाराच्या पदरात पडला नाही. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम राहील आणि जादा कामाचा मोबदला मिळेल, असे त्याचे समर्थन केले गेले. परंतु बारा तास यंत्रापुढे उभे राहून घरी परतलेल्या माणसाला मुलाची झोपलेली पाठच दिसते. तिची भरपाई जादा दराने होत नसते.

हाच हिशोब आपल्या घरातही मांडला पाहिजे, आणि येथे कार्यकर्त्याने थोडे अंतर्मुख व्हावे. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली केलेल्या वेळवापर सर्वेक्षणात असे आढळले की बिनमोबदल्याच्या घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवतात, आणि असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. ज्या पडवीतील चहाने आपल्याला शांती लाभते, तो चहा बहुधा या २८९ मिनिटांतून आलेला असतो. दिवसभर लावणीत वाकलेली बाई घरी येऊन चूल पेटवते, तेव्हा पाऊस तोच असतो, पडवी तीच असते. नसते ती उसंत. समतेवरची आपली बैठक तिच्या हातच्या चहाच्या चार फेऱ्यांवर चालते आणि त्या बैठकीत ती नसते. दुसऱ्याची उसंत खाऊन मिळविलेले समाधान हे शोषणाचेच घरगुती रूप होय.

आणखी दोन भेसळींपासून सावध राहायला हवे. पहिली बाजाराची. मन:शांती ही आता विक्रीची वस्तू झाली आहे. शिबिरे, विश्रामगृहे, मोबाइलवरील ध्यानाचे वर्ग यांची किंमत मोजणाऱ्याला ती मिळेल असे सांगितले जाते, आणि अशांतीची कारणे मात्र जागच्या जागी राहतात. दुसरी भेसळ सत्तेची. सत्तेला ‘शांतता’ फार प्रिय असते. पण तिला हवी असलेली शांतता म्हणजे लोकांचे गप्प बसणे. पैऱ्याच्या बांधावरची भाकरी, भजनातला ठेका, गावच्या कट्ट्यावरील गप्पा यांतील समाधान त्याहून वेगळे आहे. ते चारचौघांत वाटल्याने वाढते, त्याला फारसा पैसा लागत नाही, आणि त्यातून उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत प्रश्न विचारायला अधिक ताजा असतो. खऱ्या विरंगुळ्याची कसोटी हीच धरावी. तो घेतल्यावर शेजाऱ्याचे दुःख अधिक स्पष्ट दिसू लागले तर तो खरा. दिसेनासे झाले तर ती गुंगी समजावी.

तेव्हा शाखाशाखांतून काही साध्या गोष्टी व्हाव्यात. बैठक ठरल्या वेळी सुरू व्हावी आणि ठरल्या वेळी संपावी, म्हणजे रात्रीचे जेवण घरच्यांबरोबर होईल. बैठकीचा चहा पुरुष कार्यकर्त्यांनी पाळीपाळीने करावा आणि स्त्रियांनी बैठकीत बसावे. आठवड्यातील एक संध्याकाळ राजकारणाच्या कुजबुजीविना गाण्यासाठी, वाचनासाठी, मुलांसाठी राखून ठेवावी. दमलेल्या सहकाऱ्याला ‘ढिला पडला’ असे न म्हणता महिनाभराची सुटी द्यावी. तो परत येईल. आणि कामाचे तास वाढविण्याच्या प्रत्येक प्रस्तावाला विरोध करताना केवळ मजुरीचा नव्हे तर कामगाराच्या संध्याकाळचाही हिशोब मागावा.

समाजवाद म्हणजे अखेर काय, असा प्रश्न विचारला तर त्याची पुष्कळ पंडिती उत्तरे देता येतील. चंदगडच्या परिसरात राहून सुचणारे उत्तर अगदी साधे आहे. रोपलावणीहून परतलेल्या बाईला हातपाय धुऊन, कोणीतरी करून दिलेला चहा घेत, पडणाऱ्या पावसाकडे घटकाभर निश्चिंतपणे पाहता यावे. ती घटका तिला मिळेपर्यंत आपल्याला काम आहे. आणि एवढे लांबचे काम करावयाचे तर वाटेत आपल्यालाही बसावे लागेल, तिच्यासोबत.