कोरा राहिलेला रकाना

शाळेत ‘वर्ग’ म्हटले की बाके, फळा आणि हजेरीपट डोळ्यांसमोर उभे राहतात. रेल्वेच्या तिकिटावर तोच शब्द आला, की कोणत्या डब्यात बसावयाचे हे ठरते. परंतु दूरध्वनीच्या आणि इंटरनेटच्या वाहतुकीतही वर्ग असतात, आणि आपण न मागता, न विचारता त्यांपैकी एका वर्गात जाऊन बसलेले असतो, ही जाणीव फार थोड्यांना असते. मलाही ती नव्हती. आमच्या एका माजी विद्यार्थ्यामुळे ती झाली.

हा विद्यार्थी रिंग रोडवरील एका कापड व्यापाऱ्याच्या पेढीत संगणकाचे काम पाहतो. पेढीचे एक कार्यालय सुरतेत, दुसरे मुंबईत. दोहोंना जोडणारी खास वाहिनी पेढीने एका कंपनीकडून कराराने घेतली होती. तिच्यावरून मालाच्या याद्या, हिशेब, कापडाच्या नमुन्यांची चित्रे आणि दूरध्वनीवरील बोलणे अशी सर्वच ये-जा होत असे. बोलण्यासाठी करारात अग्रक्रमाचा वेगळा वर्ग घेतला होता व त्याचे जादा पैसेही नियमाने भरले जात होते. तरीसुद्धा दुपारी नमुन्यांची चित्रे जाऊ लागली, की बोलणे तुटक येई. तागे सत्तावन्न की सत्त्याण्णव, हे तीनतीनदा विचारावे लागे. कंपनी म्हणे, वाहिनीत दोष नाही. पेढी म्हणे, आम्ही पैसे मोजतो. गंमत अशी, की दोघेही खरेच बोलत होते! पेढीने आणलेली नवी दूरध्वनी यंत्रे आपल्या पाकिटांवर ध्वनीची खूणच करीत नव्हती. आणि कराराच्या अखेरच्या पानावरील कोष्टकात एक ओळ होती: ज्या पाकिटावर ठरलेली खूण नसेल, ते साधारण वर्गात धरले जाईल. खुणेचा रकाना कोरा, म्हणून पेढीचे सारे बोलणे चित्रांच्या गर्दीत उभे राहत होते.

ही पाकिटे म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. इंटरनेटवरून जाणारा प्रत्येक मजकूर, मग ते पत्र असो, गाणे असो की बोलणे, लहान लहान तुकड्यांत विभागला जातो. प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर कोठून कोठे जावयाचे तो पत्ता असतो, आणि पत्त्याजवळच दर्जासाठी थोडी जागा राखलेली असते. १९८१ मध्ये जे नियम निश्चित झाले त्यांत या जागेतील तीन बिटांवर आठ पायऱ्या होत्या व सर्वांत खालच्या पायरीस ‘नित्याची’ असे नाव होते. १९९८ मध्ये ही रचना बदलून सहा बिटांची खूण आली. तिच्यामुळे ६४ निरनिराळ्या खुणा शक्य झाल्या. सहाही ठिकाणी शून्य असेल, तर ते पाकीट साधारण वर्गाचे. या वर्गाला वचन कसलेच नसते. जाळे ते पाकीट यथाशक्ती पोहोचवील, आणि गर्दी फारच झाली तर टाकूनही देईल. आपण घरी जे काही वाचतो, पाहतो, पाठवितो, त्यांतील बहुतेक सर्व या यथाशक्ती वर्गातून येते.

वर्ग पाडण्याची ही कल्पना संगणकाने आणली असे मात्र नाही. १७ मे १८६५ रोजी पॅरिस येथे झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय तार करारात सरकारी तारा आधी, तार खात्याच्या कामाच्या तारा नंतर आणि खासगी तारा शेवटी, असा क्रम लिहिलेला आहे. आपल्याकडील तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तोपर्यंत साधी तार आणि एक्स्प्रेस तार हा भेद कित्येक घरांनी अनुभवला होता. ट्रंक कॉलचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना साधा, अर्जंट आणि लाइटनिंग हे तीन प्रकार अजूनही आठवतील. मात्र एका गोष्टीत त्या काळची पद्धत अधिक सरळ होती. कोणता कॉल हवा, हे ऑपरेटर आपणांस विचारीत असे. आज कोणी विचारत नाही. आपण गप्प राहिलो, याचाच अर्थ साधारण वर्ग आपणांस मान्य आहे असा घेतला जातो.

खानदेशातून सुरतेस आलेल्या कुटुंबांना हे समजावून सांगण्यास आगगाडीचा दाखला पुरे. उधना ते जळगाव हा मार्ग दुहेरी होण्यापूर्वी आपली पॅसेंजर व्यारा, नवापूर, नंदुरबार अशा एखाद्या स्थानकावर बाजूच्या रुळावर थांबे आणि मागून आलेली जलद गाडी धडधडत पुढे निघून जाई. जलद गाडीला मिळालेली ती दहा मिनिटे कोठून आली? पॅसेंजरमधील माणसांच्या वेळेतून. अग्रक्रमाने रूळ वाढत नाही. एकाला पुढे सोडले म्हणजे दुसऱ्याने थांबलेच पाहिजे, हा हिशेब तारेच्या जाळ्यालाही चुकत नाही.

मग अग्रक्रम मुळातच वाईट काय? मला तसे वाटत नाही. बोलण्याला उशीर सोसत नाही. तो एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. पत्राला मात्र चार सेकंद उशीर झाल्याने काही बिघडत नाही. शिवाय बोलणे जागा फार थोडी अडविते. ध्वनी न आकसता पाठविला तरी एका संभाषणास एका दिशेने सुमारे ९० किलोबिट पुरतात. १०० मेगाबिटांच्या वाहिनीवर पन्नास माणसे एकदम बोलू लागली, तरी पाच मेगाबिटही लागत नाहीत. जे तातडीचे आहे आणि लहान आहे त्याला वाट दिल्याने इतरांचे फारसे नुकसान होत नाही. ४जी जाळ्यावर हीच व्यवस्था आहे. तेथील मूळ नऊ वर्गांत कंपनीच्या स्वतःच्या दूरध्वनी संभाषणाला पहिला वर्ग मिळतो, आणि नववा वर्ग बहुधा साध्या इंटरनेटसाठी ठेवलेला असतो. म्हणूनच गर्दीच्या ठिकाणी नेहमीचा फोन स्पष्ट ऐकू येतो, पण त्याच माणसाशी व्हॉट्सॲपवर बोलू लागले की शब्द गळतात.

संकटकाळाचा प्रश्न तर याहून उघड आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने या शहराचा मोठा भाग बुडाला, हे येथील घरोघर ठाऊक आहे. अशा वेळी बचावकार्य करणाऱ्यांचा फोन आधी लागला पाहिजे, याबद्दल दुमत होऊ नये. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१३ मध्ये तशी शिफारसही केली होती.

माझा आक्षेप निराळ्या ठिकाणी आहे. कामाची तातडी पाहून नव्हे, तर बिलाचा आकडा पाहून माणसाला पुढे सोडले जाते, आणि साधारण वर्गात मागे काय उरते हे कोणीच लिहून देत नाही, तेथे करार लंगडा पडतो. हा वाद आपल्या देशात प्रत्यक्ष झालेला आहे. २०१५ मध्ये ट्रायने इंटरनेटवरील भेदभावाविषयी लोकांची मते मागविली, तेव्हा दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकूर पाहून निरनिराळे दर लावण्यास बंदी झाली. २०१८ मध्ये कंपन्यांच्या परवान्यांतच समान वागणुकीची अट घालण्यात आली. काही विशेष सेवांना तीतून सूट मिळाली. परंतु त्या सेवांमुळे सर्वसामान्य इंटरनेटचा दर्जा खालावता कामा नये, हे तत्त्व ट्रायच्या शिफारशींत होते. माझ्या मते त्या साऱ्या प्रकरणातील हेच वाक्य सर्वांत मोलाचे आहे. पुढे जुलै २०२० मध्ये व्होडाफोन आयडिया आणि भारती एअरटेल यांच्या ज्या योजनांत अधिक बिल भरणाऱ्यास ४जी जाळ्यावर अग्रक्रम देण्याची भाषा होती, त्या थांबविण्यास ट्रायने सांगितले. प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत गेले. पुढे जाणाऱ्याला किती वेग मिळणार, हे जाहिरातीत होते. मागे थांबणाऱ्याचे काय होणार, हाच ट्रायचा प्रश्न होता.

कोणी म्हणेल, पैसे अधिक देतो त्याला अधिक मिळाले तर बिघडले कोठे? अधिक वेगाची वाहिनी त्याने खुशाल घ्यावी. ती त्याची स्वतःची रुंदी आहे. पण मनोऱ्यावरील सामाईक जागेत पुढे घुसण्याचा हक्क विकला, तर त्याची किंमत शेजारचा देतो, आणि त्याला पावतीसुद्धा मिळत नाही. २०२० मध्ये शाळा बंद असताना लिंबायत, उधना या भागांतील कित्येक मुलांचा वर्ग घरातील एकुलत्या एका मोबाइलवर भरत होता. त्यांच्या शिक्षकांचा आवाज याच यथाशक्ती वर्गातून येत होता, आणि तो तुटला की गणिताची एखादी पायरी कायमची गळून जाई.

म्हणून मी त्या माजी विद्यार्थ्याला म्हटले, “बाळ, करार पुन्हा करशील तेव्हा वरच्या वर्गांपेक्षा तळची ओळ आधी वाच.” त्याने ते मनावर घेतले. नव्या कोष्टकात ध्वनीच्या वर्गाला वाहिनीचा दहावा हिस्सा दिला आहे व त्याहून अधिक त्याने घेऊ नये अशी मर्यादा आहे. गर्दीच्या वेळीही निदान अर्धी वाहिनी साधारण वर्गाला मोकळी राहील, हेही लिहून घेतले आहे. दूरध्वनी यंत्रांची खूण त्याने स्वतः तपासून बसविली. आता सत्तावन्न आणि सत्त्याण्णव यांचा घोळ होत नाही. भावावरून घासाघीस मात्र पूर्वीसारखीच चालते, असे तो सांगतो.