ऊन, कातडी आणि न भरणारी जखम



भीमजयंती आणि बुद्धपौर्णिमा हे आपले दोन्ही मोठे दिवस ऐन उन्हाळ्यात येतात. परभणी जिल्ह्यात तेव्हा पारा ४२ अंशांपुढेही जातो. "उन्हात जाऊ नका," असे डॉक्टर सांगतात. पण गंगाखेड-पाथरीच्या शेतमजूर भगिनीने रोज बुडवून घरी बसावे काय? सल्ला पाळता येईल असा हवा, असे आम्हांस वाटते.

साडीवर पुरुषी सदरा आणि डोक्याला रुमाल बांधून आपल्या माता-भगिनी कापूस वेचतात, हेच उत्तम संरक्षण आहे. मालकाशी बोलून कामाची वेळ पहाटेची करून घ्यावी.

आपल्या काळ्या-सावळ्या रंगाची लाज बाळगू नये. कातडीतील हे रंगद्रव्य घातक किरण अडवते. म्हणून ऑस्ट्रेलियातील गोऱ्यांत त्वचेचा कर्करोग फार, आपल्यात कमी. गोरेपणाची मलमे विकणारे हे सांगत नाहीत.

परंतु जन्मतः पांढरे केस आणि पांढरी कातडी असलेल्या मुलांना हे कवच नसते. त्यांना उन्हामुळे खरोखर कर्करोग होऊ शकतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी आणि डॉक्टरांनी सांगितलेले मलम त्यांना मिळालेच पाहिजे. कोडाचे डागही उन्हाने पोळतात, ते झाकावेत. कोड संसर्गजन्य नाही. अशा लेकरांना मागल्या जन्मीच्या पापाचे फळ म्हणणे बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मात बसत नाही.

आपल्यात हा रोग बहुधा ऊन न लागणाऱ्या जागी लपतो: तळपायावर, नखाखाली, भाजल्याच्या जुन्या वणावर. धोतराच्या काचण्याने कमरेला होणाऱ्या कर्करोगाची नोंद मुंबईच्या डॉ. खानोलकरांनी सहकाऱ्यासह १९४५ मध्येच केली होती. परकराच्या घट्ट नाडीनेही तो होतो. नाडी सैल, रुंद असावी.

महिनाभरात न भरणारी जखम, वाढत जाणारा काळा डाग, वणावर फुटलेला फोड दिसताच चुना-राख लावत बसू नये. जिल्हा रुग्णालय गाठून तुकडा तपासून घ्यावा. वेळीच काढला तर हा रोग बहुतेकदा बरा होतो. लाजेपोटी लपवला तर पाय जातो, प्रसंगी जीवही.

रुग्णाची सेवा तथागतांनी स्वतः केली. विहारातील कार्यकर्त्यांनी येत्या रविवारी वंदनेनंतर एवढेच सांगावे: आज घरी जाऊन आई-वडिलांचे तळपाय पाहा.