उबग आणि तन्मयता

एम.ए.च्या वर्गातील विद्यार्थी 'सहृदय' या संकल्पनेची व्याख्या अचूक सांगतात. काव्याच्या सततच्या अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा निर्मळ झाला आहे आणि वर्ण्य विषयाशी तन्मय होण्याची ज्याची योग्यता आहे, तो अभिनवगुप्तांच्या मते सहृदय. टिपेपुरते एवढे पुरते. अशी टीप उत्तम लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीला मी सहज विचारले, 'अलीकडे कोणत्या पुस्तकात अशी तन्मयता अनुभवलीस?' ती म्हणाली, "सर, बी.ए.ला असताना व्हायचं तसं. आता पुस्तक उघडलं की यावर प्रश्न काय येईल, तेच आधी मनात येतं." तिच्या सुरात तक्रार नव्हती, हेच मला अधिक बोचले.

मानसशास्त्रात या अवस्थेचा विचार झालेला आहे. १९७४ मध्ये फ्रॉइडेनबर्गर यांनी 'बर्नआउट'वर लिहिले ते सेवाभावी दवाखान्यांत राबणाऱ्या कार्यकर्त्यांविषयी. पुढे २००२ मध्ये शॉफेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पेन, पोर्तुगाल व नेदरलँड्समधील विद्यापीठीय विद्यार्थ्यांना हीच मोजपट्टी लावली. थकवा, उबग आणि आपल्याला काही साधत नाही ही भावना, अशी या अवस्थेची तीन अंगे. आणि तिच्या उलट बाजूला उत्साह, निष्ठा व तन्मयता. तन्मयता हा शब्द येथेही यावा, ही गंमतच.

थकव्याविषयी मी फार बोलणार नाही. तो सुटीने जातो. उबगाचे तसे नाही. तो मनाचा दुबळेपणा आहे असे आपण गृहीत धरतो आणि समुपदेशनाची व्याख्याने ठेवतो. माझ्या मते उबग हे पुष्कळदा परिस्थितीचे अचूक वाचन असते. विद्यार्थ्यासमोर उभा असलेला प्राध्यापक नेट झालेला, पीएच.डी. झालेला आणि तरीही वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवणारा असतो. जून २०१२ पासून नेटमध्ये दीर्घोत्तरी प्रश्न उरलेले नाहीत. साहित्याच्या अध्यापकाची पात्रता चार पर्यायांतून एक निवडून ठरते. जून २०२४ ची परीक्षा तर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी रद्द करण्यात आली. हे सारे पाहूनही ज्याचा उत्साह अभंग राहतो, त्याच्याविषयी मला कौतुकापेक्षा काळजी वाटते.

'आजची मुले वाचतच नाहीत' हे वाक्य स्टाफरूममध्ये सर्वांत स्वस्त असते. मीही ते उच्चारले आहे, आणि नंतर वर्गात जाऊन 'कोसला'वरील टिपणे उतरवूनही दिली आहेत. पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला येतो आणि शिक्षण अर्धवट टाकून सांगवीला परततो. विद्यापीठीय शिक्षणाच्या उबगावरची मराठीतील ही सर्वांत जिवंत कादंबरी १९६३ ची. तिच्यावर आपण 'नायकाचे परात्मभाव स्पष्ट करा' असा प्रश्न घालतो आणि मार्गदर्शकातून पाठ केलेल्या उत्तराला गुण देतो. पांडुरंगाने हे पाहिले असते तर तो काय म्हणाला असता, याची कल्पना करवत नाही. किंबहुना चांगलीच करवते.

अभिनवगुप्तांच्या विवेचनात एक गोष्ट आपण नजरेआड करतो. तेथे अनुशीलन आधी येते, तन्मयता नंतर. म्हणजे गोडी लागल्यावर वाचन सुरू होते असे नसून, पुन्हा पुन्हा वाचण्याने गोडीची योग्यता येते. त्यासाठी वेळ हवा. सत्राच्या सुमारे नव्वद अध्यापन-दिवसांत अंतर्गत चाचण्या, स्वाध्याय, चर्चासत्रे आणि चार-पाच अभ्यासपत्रिका बसवल्यावर एखादी कादंबरी दुसऱ्यांदा वाचायची कोणी आणि केव्हा?

अभ्यासक्रम हलका करा असे माझे म्हणणे नाही. साहित्यकृतींची संख्या घटवा, एवढेच आहे. पाचांऐवजी दोनच नेमाव्यात, त्या वर्गात अथपासून इतिपर्यंत वाचाव्यात, आणि परीक्षेला पुस्तक जवळ ठेवू द्यावे. पुस्तक हाताशी असले की पाठांतराला किंमत उरत नाही. मग प्रश्न काढणाऱ्यालाही ते वाचावे लागते. आमच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत मी हे मांडले, तेव्हा पहिला आक्षेप आला तो असा की, मग उत्तरपत्रिका तपासायला फार वेळ लागेल.