हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

हॅकर जेरेमी हॅमंडचे नाव निघाले की दोन पक्ष हमरीतुमरीवर येतात. एक म्हणतो, तो हुतात्मा. दुसरा म्हणतो, असल्या पोरांच्या हाती कीबोर्डच देऊ नये. दोघांचेही चुकते आहे.

आधी हकिकत. 2004 साली शिकागोतल्या इलिनॉय विद्यापीठात पहिल्या वर्षाला असलेल्या या मुलाला संगणकशास्त्र विभागाच्या संकेतस्थळात भगदाड सापडले. ते बुजवून देण्याची तयारीही त्याने दाखवली. विद्यापीठाने त्याला दुसऱ्या वर्षाला परत घेतले नाही. पुढे इराक युद्धाच्या समर्थकांच्या संकेतस्थळातून त्याने सुमारे पाच हजार क्रेडिट कार्डांचे तपशील चोरले. 2006 मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. 2011 च्या अखेरीस ‘ॲनॉनिमस’ या हॅकर गटातल्या साथीदारांसह तो टेक्सासमधल्या स्ट्रॅटफॉर या खासगी गुप्तवार्ता कंपनीच्या संगणकांत शिरला. नोव्हेंबर 2013 मध्ये न्यायालयाने त्याला दहा वर्षांसाठी तुरुंगात धाडले.

भक्तांचा पहिला मुद्दा हेतूचा. स्ट्रॅटफॉरचे लाखो ईमेल विकीलीक्सकडे गेले आणि भोपाळच्या वायुपीडितांसाठी लढणाऱ्यांवर ही कंपनी डाऊ केमिकलसाठी नजर ठेवत होती, हे जगाला कळले. हे कळणे आपल्यालाही मोलाचे होते, हे मान्य. पण त्याच घरफोडीत सुमारे साठ हजार कार्डांचे तपशील गेले, त्यांवर सात लाख डॉलरांचे व्यवहार झाले आणि त्यांतून धर्मादाय संस्थांना देणग्या दिल्या गेल्या. ईमेलांनी पाळत उघडी पडली. कार्डांच्या आकड्यांनी काय उघडे पडले? कंपनीच्या वर्गणीदारांचे खिसे! दुसऱ्याच्या पैशाने केलेल्या दानाला आपल्याकडे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात.

दुसरा मुद्दा सापळ्याचा. हॅमंडचा साथीदार ‘साबू’ जून 2011 पासूनच एफबीआयचा खबऱ्या झाला होता, आणि स्ट्रॅटफॉरचे नाव आपल्याला त्यानेच सुचवले, असे हॅमंडने न्यायालयात सांगितले. सरकारचे हात स्वच्छ नव्हते, हे खरेच. पण पहिली पाच हजार कार्डे चोरताना कुठे होता हा साबू?

आता विरोधकांकडे वळू. त्यांच्या मते कुतूहल हेच विष. मग स्ट्रॅटफॉरने ग्राहकांची कार्डे कूटबद्ध न करता, उघडीवाघडी ठेवली होती, त्याला काय म्हणायचे? परवानगीने हॅकिंगचा सराव करता यावा म्हणून ‘हॅक धिस साइट’ हा आखाडा 2003 मध्ये याच हॅमंडने काढला. तिथे कुतूहल होते, गुन्हा नव्हता. म्हणजे कायदेशीर वाट त्याला ठाऊक होती. सोडली ती त्यानेच. आणि विद्यापीठातही तो आधी आत शिरला, मग बोलला. तरीही सांगायला आलेल्याला हाकलून भगदाडे बुजत नाहीत. साप साप म्हणून भुई धोपटण्याचाच तो प्रकार.

मग रेघ कुठे ओढायची? भगदाड दिसणे ही विद्या, ते कळवणे हे कर्तव्य आणि आतला माल उचलणे ही चोरी. मग तो कुणाच्याही नावाने वाटा. अमेरिकेच्या न्याय खात्याने मे 2022 मध्ये धोरण बदलले: सद्भावनेने सुरक्षेची तपासणी करणाऱ्यांवर खटले भरू नयेत. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात विनापरवाना शिरणारा कलम 43 खाली भरपाई देण्यास बांधील ठरतो. अप्रामाणिक हेतू सिद्ध झाला तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भेद आहे, पण प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला स्पष्ट अभय नाही. ते कायद्याने द्यावे, आणि प्रत्येक महाविद्यालयाने असे कळवण्यासाठी एक खिडकी उघडी ठेवावी.

“सर, इथे भोक आहे,” असे उद्या एखादा विद्यार्थी म्हणाला, तर त्याला खुर्ची द्या. त्याच भोकातून त्याने हात घालून काही काढले, तर मात्र दानाची पावती पाहून त्याला माफ करू नका.