तीर्थाचा उतार आणि वाटाड्याचा शब्द

अमरकोश ज्यांनीं लहानपणीं पाठ केला असेल त्यांना 'तीर्थ' या शब्दाचे अर्थ आठवत असतील. पाणवठा, शास्त्र, ऋषींनीं सेविलेलें जल आणि गुरु, असे भिन्न भिन्न अर्थ कोशकारानें एकाच ठिकाणीं दिले आहेत. एका गुरूजवळ शिकलेल्यांना 'सतीर्थ्य' म्हणतात तें याच आधारावर. पाणवठ्याचा आणि गुरूचा संबंध काय, असें वर्गांतील मुलें आम्हांस विचारीत. आम्ही सांगत असूं कीं, मूळ धातु 'तॄ' म्हणजे तरणें हा आहे; पाणी कोठें उतरावें हें जी जागा दाखविते तीहि तीर्थ, आणि जो मनुष्य दाखवितो तोहि तीर्थच. मुलें तो अर्थ वहींत उतरून घेत व परीक्षेंत लिहून मोकळीं होत. परंतु हा अर्थ केवळ कोशांत राहण्यासारखा नाहीं, याचें प्रत्यंतर आम्हांस गेल्या मार्गशीर्षांत दूधसागरच्या धबधब्यावर आलें. त्याविषयीं चार शब्द या महिन्यांत लिहावे असें योजिलें आहे.

हल्लीं सुट्टी आली कीं एका दिवसांत जाऊन येण्यासारखें धबधब्याचें ठिकाण पाहावयाचें, बरोबर तेथलाच एक वाटाड्या घ्यावयाचा आणि खालच्या डोहांत मनसोक्त डुंबावयाचें, अशी चाल पडली आहे. रायगड जिल्ह्यांत भिऱ्याहून देवकुंडाला लोक असेच जातात, आणि गोव्यांत कुळें गांवाहून दूधसागरला जातात. आमच्या वयाचीं पुष्कळ माणसें या चालीला नाकें मुरडतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. वर्षभर चार भिंतींत आणि दिव्यांच्या उजेडांत वाढणाऱ्या मुलांनीं एक दिवस वाहत्या पाण्यांत घालविला तर त्यांत त्यांचें कल्याणच आहे. प्रश्न जावें कीं न जावें हा नव्हे. तेथें गेल्यावर ऐकावयाचें कोणाचें, हा खरा प्रश्न आहे.

दूधसागर गोव्याच्या पूर्व सीमेवर, भगवान महावीर अभयारण्याच्या दाट रानांत आहे. मांडवी नदी तेथें सुमारें ३१० मीटर, म्हणजे हजार फुटांहून कांहींशी अधिक उंचीवरून चार टप्प्यांनीं खालीं येते. राजकन्येनें लज्जारक्षणासाठीं कलशांतील दूध ओतून पडदा केला, अशी त्या नांवाची लोककथा आहे. कड्यावरचा तो शुभ्र विस्तार पाहिला म्हणजे कथा रचणाऱ्याला दोष द्यावासा वाटत नाहीं. धबधब्याच्या मधोमध आगगाडीचा पूल आहे. हा लोहमार्ग पोर्तुगीज अमदानींत १८८० च्या दशकांत घांट फोडून बांधला गेला, आणि आजहि गाडी तेथून जातांना डब्यांतील माणसें खिडक्यांशीं गर्दी करितात. पावसाळ्यांत खालच्या डोहाकडे जाण्याचा मार्ग बंद असतो. पाऊस सरला व ओढे ओसरले म्हणजे कुळ्याहून जीपगाड्या सुरू होतात.

आमच्या घरचीं लहानमोठीं बारा माणसें दोन जीपींतून निघालों. वाट रानांतून जाते व मध्यें ओढे ओलांडावे लागतात; पाणी चाकांच्या वर चढलें कीं मुलें आनंदानें ओरडत आणि आमच्या वहिनी देवाचें नांव घेत. गाड्या थांबतात तेथून पुढें थोडी वाट दगडांवरून पायीं चालावी लागते. वानरें सोबतीला असतातच. हातांतील पिशवीवर त्यांची दृष्टि आपल्यापेक्षां अधिक तीक्ष्ण असते. झाडींतून बाहेर पडलें कीं समोर एकदम तो कडा, तें पाणी आणि पायथ्याचा हिरवट डोह दिसतो. डोहांत मासे आहेत. पाय सोडून स्वस्थ बसलें कीं ते येऊन तळव्यांना टोचूं लागतात.

डोहांत उतरण्यापूर्वीं अंगांत जीवरक्षक जॅकेट घालणें सक्तीचें आहे. तें सर्वांनीं घातलें. आमच्या पुतण्याला मात्र तेवढ्यानें समाधान नव्हतें. तो यंत्रशास्त्राचा पदवीधर असून शहरांतील तलावांत चार वर्षें नियमानें पोहतो. जॅकेट काढून ठेवावें आणि उजव्या अंगानें थेट धारेखालीं जाऊन यावें, असें त्याच्या मनांत आलें. आमच्या बरोबरच्या वाटाड्यानें हात आडवा केला व म्हटलें, "हांगा देंवूं नाकात." म्हणजे येथें उतरूं नका.

पुतण्या आमच्याकडे वळून म्हणाला, "काका, दहा हातांवर तर धार आहे. मी रोज याच्या दसपट पोहतों. यांना पाण्याचें शास्त्र काय ठाऊक?"

वाटाड्यानें तें ऐकलें असावें. त्यानें रागाचा शब्द काढला नाहीं. एक वाळकी काडी उचलून त्यानें नेमकी त्याच जागीं पाण्यांत टाकली. धबधब्यापासून पाणी दूर वाहतें, तेव्हां काडी आपल्याकडे येईल अशी कोणाचीहि समजूत व्हावी. ती आली नाहीं. ती हळूहळू उलट धारेकडेच ओढली गेली, फेंसांत शिरली आणि दिसेनाशी झाली. आम्ही सर्व उभे राहून पाहत होतों. बऱ्याच वेळानें ती पलीकडच्या खडकापाशीं वर आली. वाटाड्या पुतण्याला म्हणाला, "बाब, काडी हलकी; ती तरी वर आली."

पुतण्यानें जॅकेटचे पट्टे पुन्हां आवळले आणि वाटाड्यानें दाखविलेल्या उथळ बाजूनें मुलांबरोबर पाण्यांत उतरला. बोलण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें.

काडीनें जें दाखविलें त्याचें कारण पदार्थविज्ञानाच्या शालेय ज्ञानानेंहि उलगडतें. उंचावरून कोसळणारें पाणी सरळ तळाशीं जातें, तेथून बाजूला सरकून वर येतें, आणि वर आलेल्या पाण्यांतील कांहीं भाग धारेनें केलेली पोकळी भरून काढण्यासाठीं पुन्हां धारेकडे ओढला जातो. या चक्रांत सांपडलेला मनुष्य किनाऱ्याकडे हात मारीत असतो आणि पाणी त्याला धारेखालीं नेत असतें. तेथेंच फेंसहि असतो. फेंस म्हणजे अर्धें पाणी आणि अर्धी हवा. असें पाणी वजनानें हलकें, म्हणून तें शरीराला पुरतें उचलून धरीत नाहीं. तलावांत ज्या हातांच्या जोरावर मनुष्य सहज तरंगतो तेच हात येथें निरुपयोगी होतात, आणि अंगांतील जॅकेटहि पुरतें काम देत नाहीं. खोलीचा भ्रम हा तिसरा धोका होय. प्रकाशकिरण पाण्यांतून बाहेर येतांना वांकतात, त्यामुळें चार हात खोल पाणी वरून पाहणाऱ्याला तीनच हात भासतें, आणि तिरकें पाहिलें तर त्याहूनहि उथळ. 'तळ दिसतो आहे' हें पाण्यांत उतरण्याचें कारण होऊं शकत नाहीं. आणि उंच खडकावरून अनोळखी डोहांत सूर मारणें हा तर निव्वळ अविचार होय.

आमच्या पुतण्याला हीं सर्व प्रमेयें येत होतीं. परीक्षेंत त्यानें त्यांवर उत्तम गुणहि मिळविले असतील. परंतु त्या डोहांत तीं नेमकीं कोणत्या खडकापाशीं लागू पडतात हें त्याला माहीत नव्हतें. वाटाड्याला प्रमेय ठाऊक नव्हतें, पण खडक ठाऊक होता. शिकलेल्या घरांत ही गोष्ट मान्य होण्यास वेळ लागतो. आपण पुस्तकांत वाढलेलीं माणसें. ज्यानें पुस्तक वाचलें नाहीं त्याच्या शब्दाला आपण सल्ला समजतों, आज्ञा समजत नाहीं. बैठकींत हा दोष खपून जातो. पाण्याच्या कांठीं तो प्राण घेतो.

आणखी एक गोष्ट आम्हीं पाहिली. मुलें पाण्यांत खेळत असतां आम्हां सर्वांचे डोळे मुलांवर होते, वाटाड्याचे मात्र वारंवार वरच्या कड्याकडे जात. कारण विचारतां तो म्हणाला कीं, खालीं ऊन असलें तरी वर काय चाललें आहे तें पाण्यावरूनच कळतें. घांटमाथ्यावर पाऊस झाला कीं ते सर्व पाणी ओढ्यांनीं एकत्र होऊन थोड्याच वेळांत खालीं येतें. आधीं पाणी गढूळतें, पाठोपाठ पाला व काटक्या वाहून येऊं लागतात आणि आवाज जड होतो. यांपैकीं एकहि खूण दिसली कीं सामान तेथेंच टाकून उंच जागीं निघावें. ३० जून २०२४ रोजीं रविवारीं लोणावळ्यास भुशी धरणाजवळच्या धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. त्यांत चार मुलें होतीं. ओढा चढला तेव्हां तीं माणसें प्रवाहाच्या मध्यावर एकमेकांना धरून उभीं होतीं. तें चलच्चित्र ज्यांनीं पाहिलें त्यांना त्याचें वर्णन नको. पाण्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा जोर चौपट होतो. गुडघाभर पाण्यांतूनहि धडधाकट मनुष्याचे पाय सुटतात, आणि हातांत हात धरल्यानें फारसें कांहीं साधत नाहीं. म्हणून पावसाळ्याचे दिवस हे धबधबा दुरून पाहण्याचे, आणि पावसानंतरचे दिवस डोहांत उतरण्याचे, असा नियम प्रत्येक घरानें घालून घ्यावा.

बंदी असली म्हणजे ती मोडण्यांत कांहींजणांना पुरुषार्थ वाटतो. २०२३ च्या जुलैंत दूधसागरला लोहमार्गावरून चालत निघालेल्या पर्यटकांना पोलिसांनीं अडवून उठाबशा काढावयास लावल्याचें वृत्त आलें होतें. उठाबशांचा उपाय आम्हांस जन्मभर परिचित असल्यामुळें त्याच्या परिणामाविषयीं आमची फारशी आशा नाहीं. परंतु ज्या माणसांवर तो करण्याची पाळी यावी तीं इयत्तेनें लहान नव्हतीं, एवढें मात्र मनांत आलें.

जुन्या शास्त्रकारांनीं हा विचार केला नव्हता असें नाहीं. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत जेवल्यावर, आजारी असतां, मध्यरात्रीं आणि अज्ञात जलाशयांत स्नान करूं नये असें सांगितलें आहे. ज्या घरांत सोंवळ्याचे नियम सांभाळले जातात त्या घरांतहि हा नियम सहलीच्या दिवशीं विसरला जातो. डबे आधीं उघडतात आणि भरल्या पोटीं मंडळी डोहांत उतरतात! डोह 'अज्ञात' असतो तो आपल्याला. ज्याचें बालपण त्याच्या कांठीं गेलें त्याला तो ज्ञात आहे. त्याला विचारून उतरलें कीं शास्त्राचाहि मान राहतो आणि मुलेंहि सुखरूप राहतात.

आतां घरांतील व्यवस्थेविषयीं थोडें. एकत्र कुटुंबाची सहल निघाली कीं पुरुष आणि मुलगे पाण्यांत, आणि बायका व मुली कांठावर कपडे, चपला व डबे राखीत, हा देखावा आम्ही सर्वत्र पाहतों. हें योग्य नाहीं. पाळीपाळीनें सर्वांनीं सामान राखावें आणि सर्वांनीं पाण्याचें सुख घ्यावें. लुगडें वाहत्या पाण्यांत पायांना गुंडाळतें, म्हणून उतरणाऱ्या स्त्रियांनीं सुटसुटीत वेष करावा. आमच्या वहिनींचें वय सत्तर. त्यांनीं वेष बदलण्यास साफ नकार दिला, मात्र नऊवारीवर जॅकेट चढवून त्या कांठच्या सपाट दगडावर पाय सोडून बसल्या व माशांना हंसत राहिल्या. प्रत्येकानें आपल्या बेतानें पाणी घ्यावें तें असें. जॅकेट घातलें कीं दुसऱ्याकडून तें खांद्यांशीं धरून वर ओढून पाहावें. हनुवटीवर चढलें तर तें सैल आहे असें समजावें. मुलांस त्यांच्या मापाचेंच द्यावें. हवा भरलेल्या चाकांवर व खेळण्यांवर भिस्त ठेवूं नये. पाण्यांत जितकीं मुलें तितके डोळे कांठावर असावे, आणि ते डोळे छायाचित्रें काढण्यांत गुंतलेले नसावे. मुलगा असो वा मुलगी, दहाव्या वर्षाच्या आंत त्यांना पोहावयास शिकवावें. मात्र शिकवितांनाच सांगावें कीं, तलावांतील पोहणें आणि डोहांतील पोहणें या निराळ्या विद्या आहेत.

निघण्यापूर्वीं घरच्या वडील माणसानें सर्वांना बसवून एक गोष्ट स्पष्ट करावी: घरीं शब्द माझा, पाण्यावर शब्द वाटाड्याचा, तो 'चला' म्हणाला कीं पांच मिनिटें मागावयाचीं नाहींत. घरांतील सर्वांत मोठा माणूस असें म्हणाला म्हणजे धाकट्यांना तें मानण्यांत कमीपणा वाटत नाहीं.

शेवटीं वाटाड्याच्या पैशांविषयीं. सहलीच्या खर्चांत घासाघीस होते ती बहुधा त्याच्याच वाट्यांत. गाडीचें भाडें, प्रवेशशुल्क, खाणेंपिणें हें सर्व आपण निमूटपणें देतों, आणि ज्याच्या एका शब्दावर घरचीं बारा माणसें बारा परत येतात त्याच्याशीं शंभर रुपयांसाठीं हुज्जत घालतों. ठरलेली रक्कम त्याला पूर्ण द्यावी, वर थोडी अधिक द्यावी, आणि ती मुलांच्या हातून द्यावी. आमच्या पुतण्यानें त्या दिवशीं तसें केलें. आम्हीं त्याला सांगितलें नव्हतें.